हद्दवाढ भागात घर घ्यावं का? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी हद्दवाढ भागातल्या राहण्यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, १९९२ साली सोलापूर महापालिकेची हद्द वाढली आणि मजरेवाडी, सोरेगाव, शेळगी, बाळे, देगाव, केगाव, कुमठे अशी आजूबाजूची गावं शहरात आली. कागदावर शहर झाली पण शेत, गोठा, गावदेवीची जत्रा तशीच राहिली, आणि त्यांच्या मधल्या जागेत नगरं, सोसायट्या उभ्या राहिल्या. त्या सगळ्या पट्ट्याला आम्ही अजून पण हद्दवाढ भाग म्हणतो.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दोघं आयटीत, हडपसरला भाड्यानं राहतो. माझं पूर्ण काम घरून आहे, मिसेसला महिन्यातनं दोनदा ऑफिसला जावं लागतं. मुलगी सहा वर्षांची, आम्ही अकराव्या मजल्यावर, तिला खाली खेळायला न्यायचं तर आमच्यातल्या एकाला लॅपटॉप बंद करून बरोबर जावं लागतंय. आईवडील साखर पेठेत दोन खोल्यांत आहेत, त्यांना पण सोबत घ्यायचंय. एक जण सैफुलच्या पुढं प्लॉट दाखवतोय, दुसरा होटगी रोडला फ्लॅट, नातेवाईक म्हणतेत शेळगीकडं बघा स्वस्त पडेल. मला पाहिजे काय तर पोरगी घरासमोर एकटी सायकल चालवू शकेल आणि हाक मारली की शेजारी येतील. असं कुठल्या भागात आहे? (एक वाचक, पुणे)

दादा, भागाचं नाव विचारू नका, गल्ली विचारा. जुळे सोलापुरात असे रस्ते आहेत जिथं दहा-दहा वर्षं समोरासमोर राहून एकमेकाचं आडनाव माहीत नाही, आणि त्याच्याच मागच्या नगरात कुणाच्या घरी पाहुणे आले की तीन घरांतनं चटया आणि उशा येतेत. मी स्वतः २००१ साली नवी पेठेतनं इकडं आले. तेव्हा आसरा चौकाच्या पुढं रात्री नऊनंतर रिक्षावाला यायचा नाही, रस्त्याला लाइट नव्हती, दोन घरं सोडली की बाभळी. मी सासूबाईंना म्हणाले सुद्धा, कुठं जंगलात आणून टाकलंत. पण त्या पाच-सहा घरांनी एकमेकाला धरून ठेवलं. माझ्या मुलाला रात्री दोन वाजता ताप चढला तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातल्या अण्णांनी स्वतःहून स्कूटर काढली होती, मी हाक पण मारली नव्हती, आमच्या घरातली लाइट लागलेली बघून ते बाहेर आले होते. मला हे असं शेजारपण तुम्हाला मिळावं असं मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जिथं घर घ्यायचंय तिथं पाणी यायच्या दिवशी जा. ब्रोकर तुम्हाला रविवारी सकाळी अकराला नेईल तेव्हा गल्ली झोपलेली असते, त्यातनं काही कळत नाही. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, लहानपण इथंच गेलंय. उजनीवरनं शंभर किलोमीटरच्या वर लांब पाइपलाइन आहे, भीमेवर टाकळीला पंपिंग आहे, हिप्परग्याचा इंग्रजांच्या काळातला तलाव आहे, तरी कुठं तीन दिवसाआड कुठं पाच दिवसाआड असंच चालत आलंय. मग पाणी येतं त्या दिवशी गल्लीत काय होतं ते बघायचं. काही ठिकाणी प्रत्येक जण गेट लावून आपली मोटर नळाला जोडतो आणि शेवटच्या घराला थेंब मिळत नाही, त्यावरनं भांडणं. आणि काही ठिकाणी पहाटे तीनला जरी पाणी आलं तरी कुणीतरी एक जण ‘पाणी आलं ओ’ म्हणून ओरडत जातो, गावाला गेलेल्यांच्या हौदाचा व्हॉल्व शेजारी उघडतो आणि भरला की बंद पण करतो. ही दुसरी गल्ली सापडली तर तिथं फ्लॅट थोडा लहान मिळाला तरी घ्या.

पाण्याचा हिशोब घर बघतानाच करा. माणशी रोजचे १३५ लिटर धरतेत, तुम्ही पाच जण म्हणजे रोजचे ६७५, पाच दिवसाआड पाणी आलं तर ३,३७५ लिटर नुसते वापरायला. त्यात पाहुणे, त्यात पाण्याची एखादी पाळी चुकणं, म्हणून हौद निदान पाच हजाराचा पाहिजे आणि वरची टाकी वेगळी. फ्लॅट असेल तर बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का हे बिल्डरला विचारू नका, वॉचमनला विचारा नाहीतर तिथल्या धुणंभांडी करणाऱ्या मावशींना, त्यांना एप्रिल-मे मध्ये टँकर किती आले ते बरोबर माहीत असतंय.

मग एकदा संध्याकाळी सहा-साडेसहाला जा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, कधी चव्वेचाळीस, त्यामुळं माणसं बाहेर येतात ती ऊन उतरल्यावर. त्या वेळेला पोरं रस्त्यावर आहेत का, किती वयाची आहेत, मुली आहेत का त्यात, कट्ट्यावर आज्या बसल्यात का, भाजीची गाडी थांबली की बायका घरातनंच पैसे देतेत का गाडीभोवती उभ्या राहून बोलतेत, हे सगळं अर्धा तास गाडी बाजूला लावून बघत बसा. सहा वर्षांची पोरगी एकटी सायकल चालवू शकते ती फाटकावर वॉचमन असल्यामुळं नाही, चार घरातल्या चार बायका तिला नावानं ओळखतात म्हणून. आणि तो रस्ता पुढं कुठं निघतो ते पण बघा, मोठ्या रस्त्याला शॉर्टकट म्हणून निघत असेल तर दुपारनंतर ट्रॅक्टर आणि डंपर तिथनंच जाणार.

एखाद्या जोराच्या पावसानंतर पण एक चक्कर मारा. आपली काळी माती, पहिल्या पावसात चप्पल रुतून बसते, शाळेची व्हॅन आत येत नाही, पोरांना कडेवर घेऊन चौकापर्यंत जावं लागतं. ड्रेनेज लाइन पडली आहे का शोषखड्ड्यावर चाललंय हे विचारा. आणि प्लॉट घेऊन बांधणार असाल तर ही काळी माती उन्हाळ्यात आकसते पावसाळ्यात फुगते, भिंतींना तडे जातेत, त्यामुळं पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, तो खर्च आधी विचारात घ्या. आमच्या ओळखीत एकानं प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून घेतला आणि वाचलेले पैसे सगळे पायातच गेले.

कागदाचं सांगते, कंटाळा करू नका. सैफुलच्या पुढचा प्लॉट एनए म्हणजे बिगरशेती आहे का, लेआउट मंजूर आहे का, का सातबाऱ्यावर पंधरा जणांची नावं एकत्र आहेत, हे वकिलाकडनं बघून घ्या. हद्दवाढ भागात अर्धा गुंठा, एक गुंठा असे तुकडे लोकांनी विश्वासावर घेतले, घरं बांधली, आणि आज त्यांना ना बांधकाम परवाना ना बँकेचं कर्ज. असे प्लॉट नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे धरले, पण तो आधीच अडकलेल्यांसाठी आहे, तुम्ही मुद्दाम जाऊन कशाला अडकताय. फ्लॅटचं म्हणाल तर जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट आठाच्या वर असतील तर महारेराची, म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची नोंदणी लागते, प्लॉटिंगचे प्रकल्प पण या कायद्यात येतेत, नंबर मागा आणि साइटवर स्वतः तपासा, ब्रोकरनं दाखवलेल्या फोटोवर जाऊ नका.

मिसेसच्या ऑफिसची काळजी करू नका. पुणं अडीचशे किलोमीटर, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहे, फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, महिन्यातनं दोनदा सहज जमतं. आईवडिलांचं मात्र वेगळं. साखर पेठेतनं त्यांना देऊळ, किराणा, ओळखीचा डॉक्टर सगळं चालत जाता येतं, तिकडं प्रत्येक गोष्टीला गाडी लागेल आणि सिटी बसवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून शेअर रिक्षा जिथनं मिळते तिथनं घर दहा मिनिटांच्या आत चालत पाहिजे, ही एक अट माझ्या सांगण्यावरनं लिहून ठेवा. स्वस्त-महाग त्याच्यानंतर.

प्रश्न : मी ६८ वर्षांची आहे. घरात तेलुगू बोलतो, मराठी चुकलं तर समजून घ्या. लग्न होऊन दाजी पेठेत आले, ४६ वर्षं तिथंच राहिले. माझे मालक म्हणजे नवरा मिलमध्ये होते, भोंगा वाजला की गल्लीतल्या सगळ्या चुली एकदम पेटायच्या. आता मुलानं शेळगीच्या पुढं रो-हाउस घेतलं. छान आहे, मला वेगळी खोली आहे, संडास घरात आहे. पण सकाळी नऊला सगळे गेले की संध्याकाळी सातपर्यंत माणसाचा आवाज नाही. मुलाला सांगितलं तर त्याला वाईट वाटतं. मी काय करू? (एक आजी, सोलापूर)

अक्का, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मुलाची चूक नाही आणि तुमचं पण काही चुकत नाही. पूर्व भागातल्या घरात खोली एक असायची पण अख्खी गल्ली आपली असायची, माग चालल्याचा खटखट आवाज, समोरच्या घरात कोण शिंकलं ते पण कळायचं. त्या आवाजात ४६ वर्षं काढलेल्या माणसाला शांतता म्हणजे आराम नाही वाटत, हे पोरांना कळायला वेळ लागतो. पण त्याला सांगाच. त्याला वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प बसलात तर त्याला वाटत राहणार की आई सुखात आहे.

आमच्या नगरात एक आजी अशाच आल्या होत्या, अक्कलकोट रोडच्या बाजूनं. त्यांनी पोराकडनं गेटच्या बाहेर सिमेंटचं एक बाकडं टाकून घेतलं, कडुलिंबाच्या सावलीत. रोज पाचला बाहेर यायच्या, हातात काहीतरी काम, कधी गवार मोडायची कधी शेंगा फोडायच्या. पहिले पंधरा दिवस कुणी थांबलं नाही. मग शाळेतनं येणारी पोरं शेंगा मागायला लागली, पोरांच्या मागनं त्यांच्या आया, मग एक रिटायर झालेले गुरुजी पेपर घेऊन यायला लागले. आज त्या बाकड्यावर जागा मिळत नाही म्हणून दोन जण घरनं खुर्ची आणतेत. तुम्ही पण मुलाकडनं एवढं एक बाकडं मागून घ्या, त्याला पण आपण आईसाठी काहीतरी केलं असं वाटेल. आणि उखळ किंवा खलबत्ता असेल तर शेंगा चटणी आत स्वयंपाकघरात नका कुटू, ओट्यावर कुटा. कुटलेल्या चटणीचा वास आला की सोलापूरचा माणूस थांबतोच, मिक्सरच्या चटणीला तो वास नाही.

दुसरं, दाजी पेठ सोडू नका. आठवड्यातनं एक दिवस ठरवा, मुलानं सकाळी ऑफिसला जाताना सोडायचं आणि संध्याकाळी येताना घ्यायचं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो त्या दिवशी तर सुनेला आणि नातवंडांना पण घेऊन जा, रथ कुठनं येतो कुठं थांबतो ते तुम्ही त्यांना दाखवा. आणि नवरात्रात फुलांची बतुकम्मा करताय ना? ती यंदा तुमच्या रो-हाउसच्या समोर मांडा. तुमच्या लाइनीत तेलुगू घर एकच असलं तरी मांडा. आपल्या गावात मराठी बाई कन्नड ओव्या ऐकत मोठी होते, तेलुगू बाई हळदीकुंकवाला जाते, उर्दू बोलणारी शेजारीण शिरखुर्मा पाठवते. तुम्ही फुलं रचायला बसलात की बघा चार जणी काय आहे ओ हे म्हणून विचारायला येतील, आणि फेर धरायला कुणाला शिकवावं लागत नाही.

प्रश्न : माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं. आम्ही होटगी रोडजवळच्या एका नगरात भाड्यानं राहतो. माझं काम परदेशी कंपनीचं, रात्री आठ ते पहाटे पाच घरूनच. शेजारच्या बायका विचारतात रात्रभर लाइट कशाला, दिवसा झोपता कशाला, नवरा-बायकोत काही आहे का, मूल कधी. घरमालकापर्यंत गोष्टी गेल्या. सगळे म्हणतात इथं लई आपुलकी आहे, मला तर श्वास घ्यायला होईना. (एक वाचक भगिनी, सोलापूर)

ताई, वर ज्या गल्लीचं मी एवढं कौतुक केलं त्याच गल्लीचं हे पण एक तोंड आहे आणि मी ते लपवणार नाही. रात्री लाइट बघून स्कूटर काढणारे अण्णा आणि रात्री लाइट बघून कुजबुजणारी बाई, दोघं एकाच खिडकीतनं बघत असतेत. फरक एवढाच की अण्णा येऊन विचारतात आणि ती बाई दुसरीला जाऊन विचारते.

माझा अनुभव सांगते, पटला तर घ्या. गल्लीत एक बाई अशी असतेच जिच्याकडनं सगळ्या बातम्या जातात. तिच्याकडं एक दिवस स्वतः जा, चहा प्या, आणि सगळं सांगून टाका, कंपनी कुठली, तिकडं दिवस असतो तेव्हा इकडं रात्र, हेडफोन लावून बोलावं लागतं, पगार सोडून सगळं सांगा. आतापर्यंत ती अंदाजानं बोलत होती, आता तिला खरं माहीत झालं की तीच बाकीच्यांना सांगेल, ‘तसलं काही नाही ओ, पोरगी कामाची आहे’. दारावर एक पाटी लावा, दुपारी एकपर्यंत बेल वाजवू नये. पहिल्यांदा हसतील, मग सवय होते. घरमालकाशी मात्र नवऱ्यानं नाही, तुम्ही दोघांनी मिळून बोला.

मूल कधी, या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज नाही. ‘मावशी, हे नका विचारू, मला आवडत नाही’ असं सरळ म्हणा, हसत नाही आणि चिडून पण नाही. एकदा म्हटलं की परत फार जणी विचारत नाहीत. आणि हे वाचणाऱ्या सगळ्या काकू-मावश्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हा प्रश्न बंद करा. कुणाच्या घरात काय चाललंय, कुणाला दिवस राहून किती वेळा गेलेत, आपल्याला माहीत नसतं, आणि तो प्रश्न ऐकून ती मुलगी आत जाऊन रडते ते पण दिसत नसतं.

यातच अजून एक बोलायचंय. जागा भाड्यानं द्यायच्या आधी आडनाव विचारायचं, कुठल्या समाजाचे, काय खाता विचारायचं, आणि मग खोली आताच गेली म्हणून सांगायचं, असं करणारी नगरं आपल्याकडं आहेत. अशा नगराच्या कमानीवर कितीही छान नाव लिहिलेलं असू दे, तिथं फॅमिलीनं राहण्यासारखं काही नाही असं माझं ठाम मत आहे. ज्या पोरांनी लहानपणी वेगवेगळ्या घरातला डबा खाल्ला नाही ती पोरं सोलापुरात वाढली असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : आमच्या नगरातल्या ओपन स्पेसमध्ये एकानं पत्र्याचं शेड टाकलं, आता तिथं त्याच्या गाड्या लागतात. पोरांना खेळायला जागा नाही. भांडण नको वाटतं. (एक वाचक, विजापूर रोड)

भांडण नको हे बरोबर, पण गप्प पण बसू नका, दोन-तीन वर्षं गेली की शेडच्या जागी भिंत येते. लेआउट मंजूर करताना खेळायला, बागेला मोकळी जागा सोडावी लागते, आताच्या नियमात एक एकराच्या आसपास म्हणजे ०.४ हेक्टर किंवा त्याच्या वर लेआउट असेल तर १० टक्के. ती जागा तिथं राहणाऱ्या सगळ्यांच्या वापराची, एकाची नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातनं तुमच्या लेआउटचा मंजूर नकाशा काढा, सरळ मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. नकाशा हातात आला की आधी त्या गृहस्थांच्या घरी पाच-सहा जण मिळून जा, त्यात दोन वयस्कर असू द्या. बऱ्याचदा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज झोन ऑफिसला द्या, पोच घ्या, एकट्याच्या नावानं देऊ नका.

आणि जागा मोकळी झाली की लगेच वापरात आणा, हे महत्त्वाचं आहे. मोकळी पडलेली जागा म्हणजे वेडी बाभूळ, कचरा, मग डुकरं, आणि त्यातच परत कुणीतरी शेड टाकतो. कडेनं कडुलिंब, करंज लावा, आपल्या उन्हात ही झाडं तग धरतेत, पहिले दोन उन्हाळे फक्त पाणी घालायची पाळी ठरवा, घरटी एक झाड आणि झाडावर त्या घरातल्या पोराचं नाव. मधली जागा पोरांना सोडा, फरशा घालू नका, मातीत पडलं तर लागत नाही. नगरातली लायब्ररी, हॉल, देऊळ, जे काय बांधायचं असेल ते पोरांच्या मैदानावर नको. सुट्टीच्या दिवशी पोरांना किल्ल्याच्या बागेत, संभाजी तलावावर नाहीतर सिद्धेश्वर वनविहारात न्या ते वेगळं, पण रोजच्या खेळाला घरापासनं पळत जाता येईल अशीच जागा लागते.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. आम्ही कुंभारीकडच्या घरकुलात राहायला आलोय. आधी आम्ही झोपडपट्टीत भाड्याच्या खोलीत होतो. माझी आई विडी वळते. घर आमचं स्वतःचं आहे म्हणून आई खूश आहे पण इथं सगळेच नवीन आहेत, कुणी कुणाला ओळखत नाही. आधीच्या गल्लीत सगळे होते. इथं तसं होईल का?

बाळा, होईल, आणि तुझ्या पत्राचा मला फार आनंद झाला. तुला माहीत आहे का, तुमच्या कुंभारीच्या बाजूला विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते तिच्या कार्यक्रमाला. त्यानंतर रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या तुझ्या आईसारख्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून ही घरं मिळवली. गोदूताई वसाहतीत पण पहिल्या दिवशी सगळे एकमेकाला नवीनच होते. आज तिथं जाऊन बघ, दुकानं आहेत, भाजी बसते, लग्नाचे मांडव पडतेत, पोरं एकमेकाच्या घरात जेवतात.

सुरुवात कुठनं होते सांगू? तुझ्या आईच्या सुपापासनं. विडी वळायला घरात एकटीनं बसायचं नाही, पान कापायला, दोरा गुंडाळायला जिन्यापाशी नाहीतर दारात दोघी-तिघींनी एकत्र बसायचं. हात कामात असतेत आणि तोंड मोकळं असतं, त्यातनं ओळखी होतात. आईला हे तू सांग. पान-तंबाखू आणायला आणि विड्या जमा करायला जाताना पण दोघी-तिघींनी मिळून रिक्षा केली तर भाडं वाटून जातं.

आणि तू नववीत आहेस, तुझ्या जिन्यात अजून आठवी-नववी-दहावीची कोण पोरं आहेत ते शोध. संध्याकाळी एका घरात अभ्यासाला बसा, आज तुझ्याकडं उद्या दुसरीकडं. लहान पोरांना तासभर पाढे घ्या, त्यांच्या आया तुमच्यासाठी आपोआप जागा मोकळी करून देतील. शाळेला चालत जायचं असेल तर एकटी जाऊ नकोस, मुली मिळून निघा.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा येते, सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता सोहळा, होम मैदानावर गड्डा म्हणजे मोठी जत्रा. तुमच्या जिन्यातल्या सगळ्या पोरांनी मिळून गड्ड्याला जायचा एक दिवस ठरवा, बरोबर दोन मोठी माणसं घ्या. त्याच्या आधी संक्रांतीला प्रत्येक दाराला तिळगूळ घेऊन जा, ‘आम्ही खालच्या घरातले’ म्हणून सांग, आणि कोण कुठल्या पेठेतनं आलंय ते विचार. दत्त नगरचं कुणी भेटेल, बापूजी नगरचं भेटेल, निम्म्या लोकांचे कुणी ना कुणी ओळखीचे निघतील बघ. मग मला परत पत्र लिही, तुझ्या जिन्यात एकूण किती घरं आहेत आणि कुणाच्या घरी तुला काय खायला मिळालं ते सगळं लिही, मी ते या पानावर छापणार आहे.